सुनेच्या नावावरचा दवाखाना

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, पाळी गेली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! महिन्याचे चार दिवस बाहेर बसणं सुटलं, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घाटायला आडकाठी उरली नाही. "बाईची दुखनी गेली बघ," त्या म्हणायच्या, "आता मी गड्यावानी मोकळी."

सत्तर सालानंतरची ती पहिली वर्षं. कोपरगावजवळच्या उसाच्या गावात मी सून होऊन आले होते. तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. माझं त्यावाचून फारसं अडत नव्हतं, गल्लीचं मात्र फार अडत होतं.

त्या हिवाळ्यात एकदा न्हाणीत आत्याबाईंची पाठ चोळताना माझा हात जरा पुढे गेला आणि त्या कळवळल्या. डाव्या छातीवर काळा डाग, भोवती फोड, खाली चिंचोक्याएवढी टणक गाठ. ती हाताला लागल्यावर त्यांनी गुपचूप बिब्बा घातला होता. काटा मोडो की गुडघा धरो, आमच्याकडे बिब्बा तयारच. मी भडकले. सुनेनं सासूवर ओरडायचं नसतं, पण मी ओरडले.

"हळू बोल, पोरी. गड्यांना कसं सांगू? छाती म्हनायची लाज वाटती."

नगरला बाई डॉक्टर होत्या, पण तिथवर जायला कारण हवं. ते मलाच सुचलं. "आत्याबाई, माझं नाव सांगा. सुनेला दिवस ऱ्हात न्हाईत, तपासून आनते म्हना." शहाणपणा केला खरा, पण गल्लीला आयता विषय दिला. मामंजी लगेच हो म्हणाले, इतक्या लगेच की मला त्यांचा रागच आला. आम्ही एस्टीत बसेपर्यंत गावभर झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय होतंय?" आत्याबाईंनी मान खाली घालून स्वतःकडे बोट केलं. तपासून झाल्यावर बाई म्हणाल्या, "पाळी गेली म्हणून ही दुखणी जात नाहीत. उलट आता जास्त जपायचं." पाळी थांबली की रक्तातलं इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक उतरतं, पण छातीच्या आत ते बरंच टिकून राहतं आणि काही गाठी त्याच्यावरच पोसतात, हे मी कित्येक वर्षांनी वाचलं. तेव्हा एवढंच कळलं की गाठ कॅन्सरची दिसतेय, छातीसकट काढायची, आणि लवकर. पण बिब्ब्यानं भाजलेली कातडी भरून येईपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात गाठ पसरली तर, या भीतीनं मला घास गोड लागेना.

नवऱ्याची सही लागणार होती. मामंजींना मीच सांगितलं. ऊसतोड चालू असताना ते फड सोडून आले, सही केली आणि दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. गावात मात्र ऑपरेशन सुनेचं झालं, सासू सोबतीला होती.

आत्याबाई बऱ्या झाल्या. उन्हाळ्यात अंगणात कुरडयांना बायका जमल्या. मी सोऱ्या उचलला तशी शेजारची म्हातारी म्हणाली, "पहिली कुरडई हिच्या हातची नगं. लेकुरवाळीला घालू द्या."

आत्याबाई चीक घाटत होत्या. त्यांनी हातातला दांडका ठेवला आणि सगळ्यांसमोर छातीवरचा पदर बाजूला केला. डावीकडे चोळी सपाट होती.

"दवाखाना माझा हुता. ह्या पोरीनं माझ्यापायी आपलं नाव खराब करून घेतलं. आन् कुनाला गाठ लागली तर बिब्बा घालू नका, हिला सांगा. ही नेईल."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाल गं पहिली."

कुरडई वाकडी झाली. त्यानंतर आत्याबाईंनी आणखी बावीस उन्हाळे कुरडया केल्या, आणि पहिली दर वर्षी माझ्याच हातची.