बांगडा गरम करायचं तिकीट

आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि ऑफिसातले किस्से, दोन्ही टाकवत नाहीत म्हणून साठत जातात. आमच्या ह्यूस्टनच्या ऑफिसात जरा जास्तच साठतात, कारण आमचा धंदाच तसा आहे. वर्षाला किती धूर सोडायचा हे सरकार ठरवतं आणि तेवढेच परवाने कंपन्यांना वाटतं. ज्यानं धूर कमी केला, त्यानं उरलेले परवाने दुसऱ्याला विकायचे. हे सौदे जमवून देणारे आम्ही सहा जण!

आमचा बॉस वॉल्टर. देव, ग्रह, डाएट कशावरच त्याचा विश्वास नाही. बाजारावर मात्र ठाम. "बंदी घालू नका, सौदा करू द्या!" हे दिवसातून चारदा तरी ऐकवतो. त्यामुळे नवीन आलेल्या शलाकाचा बांगडा ऑफिसात गरम होणार की नाही, हा प्रश्नसुद्धा बाजारातच गेला. पण ते शेवटी सांगतो.

*

आमच्या पार्किंगमध्ये झाड एकच. ऑगस्टात शुगर लँडसारख्या उपनगरातून ड्राइव्ह करून आलं, की प्रत्येकाला तीच सावली हवी. वॉल्टरनं लिलाव काढला. बोली पैशांत नाही, कॉफी मशीन धुण्याच्या पाळ्यांत! नागपूरचे विनय देशपांडे, आमचे काका, दहा पाळ्यांवर जिंकले.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी ती जागा मला पाच पाळ्यांवर दिली. मी खूश! संध्याकाळी बाहेर येऊन बघतो, तर गाडी चुना फासल्यासारखी पांढरी. वर फांद्यांवर काळ्या पक्ष्यांचं संमेलन भरलेलं!

"काका, पक्ष्यांचं बोलला नाहीत ते!"

"अबे, तू विचारलंच कुठे?"

*

वॉल्टरला सतत उकडतं, म्हणून एसी कडक. मग त्याचाच नियम आला: ज्याला थंडी वाजेल, त्याला वॉल्टरकडून रोज एक डोनट, भरपाई म्हणून. सोमवारी एकच जण कुडकुडत होता. शुक्रवारी अख्खं ऑफिस कुडकुडायला लागलं!

काका तर माकडटोपी घालून आले. नागपूरचे चाळीस उन्हाळे काढलेला माणूस! वॉल्टर त्यांना निरखून म्हणाला, "विनय, तुझ्या कपाळावर घाम आहे."

"थंड घाम आहे तो," काका म्हणाले आणि दुसरा डोनट उचलला.

*

माझं घरही काही कमी नाही. टेक्ससमध्ये विजेचा प्लॅन आपणच निवडायचा. बायकोनं शोधून शोधून शनिवार-रविवार फुकट वीजवाला घेतला. तेव्हापासून आमच्याकडे धुणं, केक, व्हॅक्यूम, सगळं वीकेंडला.

एका शुक्रवारी शाळेत फोटो काढायचे होते. लेक चुरगळलेला फ्रॉक घालून गेली. टीचरनं काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? लेक म्हणाली, "येस, बट वी ओन्ली आयर्न ऑन सॅटर्डेज!"

वॉल्टरला हे सांगितलं, तर त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "या मुलीला आपल्याकडे नोकरी देऊ."

*

आता शलाका. मालवणची पोरगी, पहिलीच नोकरी, घर सोडून चार महिने झालेले. रविवारी तिरफळं घालून बांगड्याचं कालवण करायची आणि आठवडाभर डब्यात आणायची. मला एकदा म्हणाली, "दादा, दुपारचा तेवढा अर्धा तास मी घरी असते हो."

पण मायक्रोवेव्ह सुरू झाला की वॉल्टर खिडक्या उघडत पळायचा. बंदी घालणं तत्त्वात बसेना. म्हणून तिकिटं निघाली! वासाचं काही गरम करायचं असेल, तर महिन्याला माणशी दोन तिकिटं. नको असतील तर विका. शलाकानं कॉफी मशीन धुऊन धुऊन आम्हा सगळ्यांची तिकिटं घेतली आणि महिनाभर दिवसाआड मजेत जेवली.

पुढच्या महिन्यात वॉल्टर पहाटेच हजर! आमच्या सगळ्या पाळ्या अंगावर घेऊन तिकिटं त्यानं गोळा केली. शलाकाची स्वतःची दोन पहिल्या दोन दिवसांत संपली. तिसऱ्या दिवशी ती थंड डब्याकडे बघत बसली. आम्हाला आमचीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी तिनं गाडी झाडापासून लांब, रणरणत्या उन्हात लावली. जेवणाच्या तासभर आधी डबा डॅशबोर्डवर ठेवला. दुपारी कालवणातून वाफ! वॉल्टर बघायला बाहेर गेला, तर तिनं आपणहून एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बघायला गेला. तिसऱ्याही दिवशी.

मग एक दिवस सकाळपासून धो धो पाऊस. जेवणाच्या सुट्टीत वॉल्टर शलाकाच्या टेबलापाशी उभा. एका हातात तिकिटांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात कागदी प्लेट.

"तिकिटं माझ्याकडे आहेत, मासा तुझ्याकडे. एका तुकड्याला एक तिकीट. बोल!"

शलाकानं शांतपणे डब्याचं झाकण लावलं. खिडकीबाहेर बघितलं.

"मला घाई नाही, वॉल्टर. उद्या ऊन पडेल. उन्हाला तिकीट लागत नाही."

वॉल्टरनं अख्खा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि प्लेट पुढे केली.