डावं मनगट

दवाखान्यातले प्लास्टरवाले काका मला 'डावं मनगट' म्हणायचे. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मी केसपेपर काढणारा कारकून. सायकलवरून पडलो तेव्हा हात त्यांनीच बांधला होता. नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, हाडं मात्र कायमची राहत. "काय डावं मनगट, चहा झाला का?" असं भर व्हरांड्यात विचारायचे.

प्लास्टर भिजवण्याआधी ते दुखरी बाजू आणि चांगली बाजू, दोन्ही दोऱ्यानं मोजत. आम्ही हसायचो.

एकदा पालमची सात वर्षांची पोर आली. उजवा गुडघा सुजलेला. कागदावर लिहिलेलं: सांध्याचा टीबी, सहा महिने प्लास्टर. त्यांनी दोरा गुंडाळून गाठ मारली, तिचा पाय उशांवर उंच ठेवला आणि गप्पा मारत बसले. थोड्या वेळानं बघतात तर दोरा ढिला! तसेच डॉक्टरांकडे गेले.

"साहेब, पाय वर केला की सूज उतरायलीय. टीबीची सूज अशी उतरती का?"

"तुम्ही प्लास्टर भिजवा," डॉक्टर चिडले. पण उठून आले, स्वतः पाय वर-खाली करून बघितला.

पोरीला औरंगाबादला पाठवलं. सांध्यात रक्तवाहिन्यांची गाठ निघाली, पाय वर केला की रक्त उतरून आकसणारी; क्वचित दिसणारी पण निरुपद्रवी. ती काढली.

वर्षभरानं पोर उड्या मारत आली. "उजवा गुडघा!" ते ओरडले. दोन्ही गुडघ्यांना दोरा लावला. सारखे भरले. मग तिच्यापुढं उकिडवे बसून म्हणाले, "नाव काय गं तुजं?"

त्यांनी कुणाचं नाव विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी मात्र शेवटपर्यंत डावं मनगटच राहिलो.