टिपणीस सर आणि मेलेले निवाडे

चार वकील एकत्र बसले की अशिलांचे किस्से निघतात. आमचं तिघांचं टोळकं मात्र वेगळं. मी, विनय आणि भारती, लॉच्या पहिल्या वर्षापासूनचे. आमच्याकडे अशिलांचे किस्से थोडे आणि हे असले जास्त. एकाने एक काढला की दुसरा आपोआप निघतो आणि चहा गार होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट, ठाण्यातलं सकाळचं कॉलेज. कॉम्प्युटरवर नाव टाकलं की निवाडा हजर, असली चैन तेव्हा नव्हती. जाडजूड व्हॉल्यूम्स उपसायची आणि शिंकत बसायचं. मी डोंबिवलीची, भुताखेतांना उभं न करणाऱ्या घरातली. तरी सांगते. हसायचं तर खुशाल हसा.

*

निवाडे शोधायला आणि टिपण लिहायला शिकवायचे टिपणीस सर. स्वतः ठाणे कोर्टात वकिली करायचे. कोणीही निवाडा दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जिवंत आहे का?" म्हणजे, पुढे वरच्या कोर्टाने तो फिरवलाय का, ते पाहिलंत का? फिरवला असेल तर निवाडा मेला. तो कोर्टात न्यायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात विनय एक खुनाचा खटला घेऊन उभा राहिला. सर म्हणाले, "जिवंत आहे का?"

"नाही सर, फाशी झाली."

वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. "माणसाचं कोण विचारतंय? निवाड्याचं बोल. मेल्याचा पुरावा मिळेपर्यंत जिवंत धरायचं." पुढे वर्षभर आम्ही हेच वाक्य एकमेकांना ऐकवत होतो.

*

कॉलेजच्या लायब्ररीतली जुनी व्हॉल्यूम्स एका गेलेल्या वकिलांच्या घरून आलेली. त्यांना तपकिरीचा नाद असावा, कारण पानापानांत तपकिरीचे कण. एकदा भर सकाळी मी आणि विनय एका मुद्द्यावरून तावातावाने भांडत होतो. मी पान उलटलं नि शिंकले. लगेच कपाटामागून दुसरी शिंक आली. चांगली दणदणीत, म्हाताऱ्या माणसाची, वर खाकरणंही. विनय उठून बघून आला. कपाटामागे नुसती भिंत.

लायब्ररीच्या कामत बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "हळू बोला," त्या म्हणाल्या, "त्यांचं वाचन चालू असतं."

*

विनय राहायला कळव्याला, कॉलेज सुटलं की वागळे इस्टेटमध्ये कामाला. सरांनी एकदा दावा लिहून आणायला सांगितला. दाव्यातला पक्षकार वारलेला असेल तर त्याच्या नावाआधी 'मयत' लिहितात. विनयला नाव सुचेना. आळशीच तो, शेजारच्या जोशी काकांचं नाव ठोकून दिलं आणि आधी लिहिलं मयत.

दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. "विनय, कालपासून मला घरात कोणी हाकच मारत नाही रे. समोर उभा असतो, तरी बघत नाहीत."

विनयने काकांच्या देखत ब्लेडने तो शब्द खरवडून काढला. शेवटचं अक्षर निघालं आणि भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "अहो, पानं घेतलीत, येताय ना?"

काकू रुसल्या असतील, असं मी म्हणते. विनय आजही मसुद्यात तो शब्द सगळ्यात शेवटी लिहितो, तोही हात जोडून.

*

आता भारतीचा. भारती ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. ती शाळेत असताना तिचे वडील, नामदेव, होडी घेऊन खाडीत गेले. होडी मिळाली, ते मिळाले नाहीत. घर त्यांच्या नावावर, आणि चुलता ते परस्पर विकायला निघालेला. त्याला अडवायचं तर घर आईच्या नावावर हवं, आणि त्यासाठी नामदेव वारले असं कोर्टाने म्हणायला हवं. कायदा असा की, ज्यांना खबर लागायला हवी त्यांना सात वर्षं काही खबर लागली नाही, तर माणूस मेला असं धरता येतं. भारती लॉला आली ती याचसाठी. खपून खपून तिने आपल्याला लागू पडणारा निवाडा शोधला, जिवंत आहे याची खात्री केली, आणि एका संध्याकाळी आम्ही तिच्या आईला घेऊन सरांच्या ऑफिसात गेलो.

सरांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. "सात वर्षांत मला माझ्या पतीची कोणतीही खबर नाही." मग शाईचं पॅड पुढे केलं.

आईने अंगठ्याला शाई लावली आणि कागदावरून तो मागे घेतला. "खबर हाय."

"आये," भारती रडवेली झाली, "घर जाईल आपलं."

"खोटा कसा लिवू? उधान आला का येतो तो, पायरीपरत. परवा पन आयला. बोलला, पोरीला सांग, तुजा निवारा मेलाय, मी नाय."

मला वाटलं घराबद्दल बोलतेय बिचारी. भारतीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "सर, आमच्यात ड चा र होतो. निवाडा म्हणतेय ती. मी घरी हा शब्द कधी काढलासुद्धा नाही."

टेबलावर त्याच दिवशीच्या टपालाने आलेला निवाड्यांचा ताजा अंक होता, वेष्टनही न फोडलेला. सरांनी तो फोडला. पानं उलटता उलटता त्यांचं बोट एका जागी थांबलं. आम्ही वाकून पाहिलं. भारतीचा निवाडा वरच्या कोर्टाने फिरवला होता. मी अंकावरची तारीख दोनदा पाहिली, खोटं कशाला सांगू.

सरांनी प्रतिज्ञापत्र फाडून टाकलं. "भारती, पेन काढ. चुलत्याला नोटीस लिही. घराच्या मालकाने घर विकायला कोणालाही सांगितलेलं नाही."

ती नोटीस मिळाल्यावर चुलत्याने विक्रीचं नाव काढलं नाही, आणि उधाणाच्या दिवसांत तर तो त्या पायरीकडे फिरकतही नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी भारतीने 'आमच्या अशिलाच्या सांगण्यावरून' एवढं लिहिलं आणि थांबली.

"सर, अशील कोण? आई?"

"आईने कुठे काय सांगितलं? ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव घाल."

भारतीने आईकडे पाहिलं. आई शांतपणे पदराने अंगठ्याची शाई पुसत होती.

"सर, नावाआधी मयत लिहू?"

"पुरावा कुठे आहे?" सर म्हणाले.