लाल झाली ती टेस्ट

सुकेशनीची आई छातीत कळ येऊन गेली, त्याच्या आदल्या महिन्यातच तिच्या हृदयाची तपासणी झाली होती. रिपोर्ट नॉर्मल होता. तो घेऊन परतताना जिंतूरला एसटीतून उतरल्यावर मायलेकींनी स्टँडसमोर उसाचा रस घेतला होता.

आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. सुकेशनी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. दवाखान्यात नंबर लावायची वेबसाइट. लोकांच्या हातात जायच्या आधी तिच्यातल्या चुका हुडकायच्या. आजवर ती स्वतः बटणं दाबून बघायची. त्या उन्हाळ्यात कंपनीनं साइट नव्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कोडच्या नव्या तयार सांगाड्यावर, बांधायला घेतली, आणि तपासणीही 'टेस्ट' नावाचे छोटे प्रोग्राम लिहून करा म्हणून सांगितलं.

व्हिडिओ बघत ती शिकू लागली. व्हिडिओतलं निम्मं तिच्याकडच्या फ्रेमवर्कच्या आवृत्तीत नसायचंच. रोज पडद्यावर नुसती लाल अक्षरं, म्हणजे टेस्ट नापास. रडकुंडीला आली.

मग एका दुपारी टेस्ट हिरवी झाली, पास. पेशंटचं नाव रिकामं ठेवलं तर साइटनं अडवायला हवं, एवढंच तिला तपासायचं होतं. खात्रीसाठी तिनं अडवणारा कोडच काढून टाकला. आता टेस्ट नापास व्हायला हवी होती.

हिरवी.

तिनं साइटवरचं ते अख्खं पानच बंद केलं. तरी हिरवीच.

त्यानंतर तिचा कशावरच विश्वास बसेना. बंद केलेला गॅस पुन्हा बघायची. निवृत्त मास्तर असलेल्या वडिलांना, सिद्धोधन यांना, सारखी विचारायची, "पप्पा, छातीत दुखत तर न्हाई?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत हाय मी."

आईही असंच म्हणायची.

शेवटी तिनं कंपनीतल्या अर्पिता मॅडमना फोन लावून पडदा दाखवला.

"अगं, पान उघडायच्या आधीच तुझी टेस्ट संपतेय," त्या म्हणाल्या. "तिनं काही बघितलेलंच नाही. म्हणून तिला चूक दिसत नाही. इथं थांबायला सांगणारा एक शब्द राहिलाय बघ."

सुकेशनीनं तो शब्द घातला. टेस्ट लाल झाली.

"आता काढलेला कोड परत लाव."

"लावते. जरा राहू द्या, मॅडम."

फोन ठेवून ती लाल अक्षरांकडे बघत बसली. वडील दारात आले.

"रडायलीस का गं?"

"पप्पा, आईचं पण कुणी नीट बघितलंच नसंल का?"

ते खाटेवर टेकले. "मीबी लय इचार केला त्याचा," ते म्हणाले. "कळायला मार्ग न्हाई, बाई."

पुढे सुकेशनी ते काम शिकली. कंपनीत नव्या आलेल्यांना आता तीच शिकवते. टेस्ट हिरवी झाली की ती पोरं खूश होतात. ती म्हणते, आधी कोड मोडून ती लाल करून दाखवा.

वडील मात्र त्या दुपारनंतर आईचं नाव काढत नाहीत.