मांडव कधी घालताय?

कोणाकडे लग्न ठरल्याचं कळलं की आपण विचारतो, मुलगा काय करतो, मुलगी कुठली. ते विचारायचे, "मांडव कधी घालताय?" अभिनंदन त्यानंतर, तेही आठवलं तर. समोरच्याने दिलेला पेढा हातात तसाच आणि नजर त्याच्या अंगणाकडे.

आमच्या विमा कंपनीच्या जळगावच्या ऑफिसात ते एजंट होते, मी टायपिस्ट. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणायची. साठीकडे झुकलेले, काटकुळे, पांढरा सदरा-पायजमा. खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. चहा उभ्यानेच, बशीतून. बाहेर लूना चालूच. "बंद केली की पुन्हा मनधरणी करावी लागते ताई," म्हणायचे. आमच्या ऑफिसातला निम्मा धूर त्या लूनाचा होता.

नव्वदच्या आसपास कंपनीने लग्नाची पॉलिसी आणली. मांडव जळाला, वादळाने पडला, घरात कोणी दगावल्यामुळे लग्न पुढे ढकलावं लागलं, तर भरपाई. साहेबांनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा बाकीचे एजंट हसले. लग्नघरात जाऊन "कोणी गेलं तर" असं बोलायची छाती कोणाची? नानांनी अर्धा गठ्ठा उचलून पिशवीत कोंबला आणि निघाले.

अशुभ प्रश्न त्यांनी वाचायचेच नाहीत असं ठरवलं. "देव न करो, नंबर एक," म्हणून फॉर्मवर बोट ठेवायचे. "देव न करो, नंबर दोन." यजमानाने मान हलवली की खूण करून पुढे. नशिराबादला एका म्हातारीने तरीही त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि मीठ-मिरच्यांनी त्या फॉर्मची दृष्ट काढली. मिठाचे खडे माझ्या टाइपरायटरात पडले. भुसावळच्या एका वरपित्याने विचारलं, "आमच्या सौभाग्यवती रुसल्या, तर भरपाई मिळते का?" नाना म्हणाले, "तेवढी मोठी कंपनी अजून निघाली नाही, आबा."

पण मांडवाबद्दल विचारण्याची सवय तेव्हा त्यांना नव्हती. ती भडगावच्या लग्नापासून लागली.

भडगावला एका शाळामास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. गुरुजी गणित शिकवायचे, त्यामुळे विमा त्यांना लगेच पटला. फॉर्मवर समारंभाच्या तारखेचे दोन रकाने होते, पासून आणि पर्यंत. मांडव शनिवारी, लग्न रविवारी. नाना शनिवारची तारीख लिहिणार, तेवढ्यात दारात गहू निवडत बसलेल्या गुरुजींच्या आई कडाडल्या, "एक लगीनले दोन तारखा? मन्ही नातनं लगीन दोनदा लावनं शे का?"

गुरुजींनी मान खाली घातली. आईपुढे गणित चालत नाही. नाना समजुतीने म्हणाले, "बरं अक्का. कागदावर लिहिलं तेच खरं होतं, म्हणून तर लिहायचं. घ्या, एकच तारीख." आणि दोन्ही रकान्यांत रविवार लिहिला. म्हातारीने खूश होऊन त्यांना लाडू दिला.

शनिवारी दुपारी चारला गिरणा नदीच्या बाजूने वादळ आलं. मांडवाचे खांब मोडले, कापड फाटून कडुलिंबावर गेलं, दिव्यांच्या माळा आणि खुर्च्यांचा चुरा झाला. माणसं वाचली. लग्न दुसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात लागलं. मांडववाला नुकसान मागायला आला, तेव्हा गुरुजी चारचौघांत म्हणाले, "काळजी करू नको, आपला विमा आहे." साठवलेलं सगळं त्यांनी लग्नात घातलं होतं. विमा मिळाला नाही तर ते पुरते बुडणार होते.

सोमवारी नाना आले. लूना बाहेर बंद केल्याचं मला ऐकू आलं, तेव्हाच मी मान वर केली.

"ताई, गुरुजींची पॉलिसी टाइप झाली का?"

"नाही." पावती दिली की विमा सुरू व्हायचा, पॉलिसीचा कागद मी सवडीने करायची. फॉर्म माझ्यासमोरच्या ट्रेमध्ये होता. मी तारखा वाचल्या आणि काय झालंय ते समजलं. साहेब मीटिंगला धुळ्याला गेले होते.

आता स्पष्टच सांगते, ते मीच सुचवलं. "नाना, पहिल्या रकान्यात एक आकडा बदला. अक्षर तुमचंच आहे. कागद मी आत्ता टाइप करते."

ते दारापर्यंत गेले. परत आले. फॉर्म उचलला, ठेवला. पुन्हा दाराशी गेले. मी कार्बन लावून कागद रोलरवर चढवलासुद्धा.

"लवकर बोला. साहेब चारच्या गाडीने येतील."

"अक्कांना मी काय म्हणालो होतो, माहीत आहे? कागदावर लिहिलं तेच खरं होतं."

"म्हणजे तुमच्या एका वाक्यासाठी गुरुजींना बुडवणार?"

"गुरुजी बुडणार नाहीत. तुम्ही आहे तसं टाइप करा."

मी केलं. एकच तारीख दोनदा. रागाने इतकं जोरात, की पूर्णविरामाने कागदाला भोक पडलं. दावा अर्थातच नामंजूर झाला. त्यानंतर नाना ऑफिसात दिसेनात. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. वाटायलाच हवी, असंही वाटलं.

महिन्याभराने धुळ्याला चुलतबहिणीच्या मुलाच्या लग्नाला गेले. आदल्या दिवशीच पोचले होते, मांडव घालणं चालू होतं. एक शिडी, वर मांडववाला, आणि खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभे नाना. सदरा मातीने भरलेला. मला बघून एवढंच म्हणाले, "ताई, बाजूला व्हा, वरून दोर पडेल." आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे पळाले.

मांडववाला खाली उतरला. तो भडगावचाच निघाला. मी खोदून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, "नाना उनात आनि म्हने, गुरुजीस्ले काही मांगू नको. हाई सीझनभर मी तुन्हासंगे राबस, कामं बी आनी देस. मी म्हनं, नाना, तुम्हनं वय काय! ते म्हने, शिडी तर धरता येस ना?"

म्हणजे गुरुजींचं देणं नाना मजुरीने फेडत होते. गुरुजींना फक्त 'मिटलं' एवढंच कळलं होतं.

मी नानांची माफी मागितली नाही. पावसाळ्यात ते पुन्हा फॉर्म घेऊन यायला लागले, तेव्हा त्यांचे फॉर्म सगळ्यांत आधी टाइप करू लागले, इतकंच. त्यांनी ते पाहिलं का, माहीत नाही. त्यांना वेळ कुठे होता? कोणत्याही लग्नात ते जेवायला बसलेले मला दिसले नाहीत. लोक अक्षता टाकायचे आणि हे मांडवामागे खुंटे हलवून बघायचे.

पुढे काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. नाना तेव्हा धुळ्याला मुलाकडे, अंथरुणावर होते. मी पत्रिका घेऊन गेले. पत्रिकेकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मांडव कधी घालताय?"

"मंगळवारी. लग्न बुधवारी. पॉलिसी मीच टाइप केली नाना, दोन्ही तारखा आहेत."

"शिडी कोण धरणार?"

"आहेत की माणसं."

त्यांना ते पटलं नाही. बोलता बोलता त्यांचा पाय खाटेखाली चपला शोधत होता.

मांडवाच्या आठ दिवस आधी ते गेले.

मंगळवारी घरात हळदीची गडबड होती. मी बाहेर आले, तर मांडववाला शिडीच्या टोकावर आणि खाली कोणी नाही. त्याची माणसं चहाला गेली होती. शिडी हलत होती. वरून तो ओरडला, "अरे, शिडी कोण धरी?"

हातातलं ताट मी पायरीवर ठेवलं, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. मग वर बघितलं. पश्चिमेकडचा दोर सैल होता. तो सोडून पुन्हा बांधायला लावला.