वानखेडे काकूंची रोजची गोळी

“भाऊ, तोच पत्ता अजून एक दे. गुडघ्याले लय आराम पडला,” म्हणत वानखेडे काकूंनी दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवली.

रायपूरच्या गुढियारी भागात माझं मेडिकल आहे. शहर छत्तीसगडची राजधानी झालं, मंत्रालय नवा रायपूरला गेलं, आमच्या काउंटरवरची गर्दी तेवढीच. सकाळपासून उभं राहून माझेच गुडघे बोलत होते. हात सवयीने ड्रॉवरकडे गेला.

तेवढ्यात त्यांच्या मनगटावर मोठा काळानिळा डाग दिसला.

“हे काय झालं?”

“बांगडी दबली असंन. आजकाल असेच डाग पडून राहिले.”

“काकू, रक्त पातळ करायची गोळी घेता का?”

“नाही रे बा. मले काही दवाई चालू नाही. मांगच्या हप्त्यात तं तू विचारलं होतं!”

विचारलं होतं खरं. ‘दुसरी दवाई चालू आहे का?’ त्या नाही म्हणाल्या आणि मी पत्ता दिला, डॉक्टरची चिठ्ठी न बघता. गर्दीत अशी चूक होते, बहुतेकदा पचतेही.

मी प्रश्न बदलला. “सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय टाकता?”

“चहा. मंग रेल्वेच्या दवाखान्यातली गोळी. मंग पूजा.”

“कसली गोळी?”

“वाल बदलला तवापासूनची. आठ साल झाले. ते काय दवाई हाये का? ते तं रोजचीच!”

मी ड्रॉवरवरून हात काढला. हृदयातली झडप बदललेल्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. त्यात दुखण्याची गोळी पडली की जठराच्या आतून रक्त येऊ शकतं, मग ते लवकर थांबत नाही आणि संडास काळी होते.

मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मी आवाज खाली आणून विचारलं, “संडास काळी होते का?”

काकू लाजल्या. “तीन दिवस झाले. जांभळं खाल्ली ना, म्हणून.”

रेल्वेच्या दवाखान्यातल्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “जामुन-वामुन छोड़िए। अभी भर्ती के लिए भेजिए।”

“मी काहून जाऊ? मी बिमार नाही. घरी कुकर लावायचा हाये.”

“काकू, चूक माझी आहे. पण आता चला.”

मला खरंच भीती वाटत होती. गिऱ्हाइकांची बोलणी खात शटर ओढलं आणि त्यांना ऑटोत बसवलं. पोटात रक्तस्राव सुरू झालाच होता. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. आठवड्याने घरी आल्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी साधी पॅरासिटामॉल दिली, तीही मोजून, आणि रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी वेळच्या वेळी करायला सांगितली.

तेव्हापासून ‘दवाई चालू आहे का’ हा प्रश्न मी टाकून दिला. सकाळपासून काय काय गिळलं ते विचारतो. गर्दी वैतागते. वैतागू दे.

परवा काकू आल्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाढा म्हटला, “चहा, रक्ताची गोळी, पूजा.”

मला भरून आलं. वाटलं, एक तरी माणूस शिकला.

“शाबास. काय देऊ?”

“दुखण्याचा मलम दे मोठा. शेजारणीचा आणला होता, तो संपला; मी दिवसातून चारदा चोळून राहिली होती. तो तं गिळायचा नाही ना?”

काही मलमांतलं औषध कातडीतून रक्तात उतरतं आणि त्यांच्या गोळीशी भांडतं. मी स्टूल ओढून त्यांना बसवलं आणि पुन्हा डॉक्टरांना फोन लावला.