दसऱ्याला आणलेली गाडी

ती फिकट पिवळी मोटार मी आजही विसरलेलो नाही. तिच्यापायी एक निरपराध माणूस आत जायच्या बेतात होता, आणि पाठवणार होतो आम्ही पोलीसच.

नवरात्र बसलं त्या दिवशी आरे कॉलनीच्या रस्त्यावर पाड्यावरच्या एका बाईला मोटारीने उडवलं. बाई जागीच गेली, गाडीवाला पळाला. साक्षीदाराला गाडीचा रंग आणि नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे आठवत होते. तपास जागचा हलेना. दिवाळीच्या तोंडावर खबऱ्याने टीप दिली, की साकीनाक्याच्या एका गॅरेजात तसलीच जुनी गाडी आलीय आणि पुढचा दिवा, बोनेट, रेडिएटर, सगळं बदलणं चाललंय.

आम्ही गाडीसकट माणूस ठाण्यात आणला. भांडुपचा, मूळ मालवणकडचा, शाळेच्या बसवर ड्रायव्हर. त्याचं म्हणणं, मुलुंडच्या एका साहेबांनी गाडी फुकट दिली. बंद पडलीय, ने आणि चालू कर, म्हणाले. आईचे गुडघे गेलेले, तिला गावी न्यायला होईल म्हणून दसऱ्याला घेऊन आलो. नाव बदलायचे कागद सही करून मिळाले होते, तारखेची जागा मात्र कोरी. आपल्याकडे सर्रास हेच चालतं. गाडी वापर, नाव मागाहून चढवू म्हणायचं, आणि मग बसायचं बोंबलत.

साहेबांना जबाबाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज. गणपतीनंतरच्या आठवड्यात गाडी दिली, पुढचं मला ठाऊक नाही, म्हणाले. म्हणजे अपघाताच्या वेळी गाडी ड्रायव्हरकडे, आणि पुरावा पुसायलाच दुरुस्ती. सगळं चपखल बसत होतं.

ड्रायव्हर भेदरून उलटसुलट बोलत होता. चेपलेलं बोनेट आधी पाहिलंच नाही म्हणाला, मग पाहिलं म्हणाला. माझा सहकारी म्हणाला, "साहेब, हाच आहे. अटक दाखवूया." मीही पेन उचललं होतं.

त्याची बायको सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला. गाडी घरी कधी आली ते तिला विचारलं. दसऱ्याक, म्हणाली. मी म्हटलं, साहेब तर गणपतीनंतरचा आठवडा सांगतायत. तशी ती ताडकन उभी राहिली.

"म्हाळात गाडी कोण घरात आणता ओ? त्या पंधरवड्यात आम्ही साधी चप्पल घेणत नाय."

पितृपक्ष! माझ्या घरीही तेच पाळतात, पण ठाण्याच्या खुर्चीत बसलं की माणूस घरचं विसरतो. अर्थात श्रद्धा म्हणजे पुरावा नव्हे. मी स्वतः मुलुंडला गेलो. सोसायटीतला कॅमेरा शोभेचा निघाला, पण वॉचमन चांगला बोलका होता. दसऱ्याच्या सकाळी ड्रायव्हरने बंद गाडीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, वॉचमनला पेढा दिला, मग टोईंगवाला गाडी ओढून घेऊन गेला, हे त्याने सांगितलं. टोईंगवाल्यानेही तेच सांगितलं. आणि नवरात्र बसलं त्या दिवसापर्यंत गाडी रोज साहेबांचा मुलगा बाहेर काढायचा, असंही वॉचमन म्हणाला.

साहेबांना पुन्हा समोर बसवलं. या वेळी घाम त्यांना फुटला.

"मुलाचं आयुष्य बरबाद झालं असतं हो," ते म्हणाले.

"आणि याचं?" मी विचारलं. संध्याकाळपर्यंत मुलाने कबुली दिली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते हेच, की खरा माणूसही भीतीने खोट्यासारखा दिसतो, आणि इस्त्रीच्या शर्टावर भीती चटकन दिसत नाही.

ड्रायव्हरला सोडलं तेव्हा मी म्हटलं, खटला संपला की गाडीचं काय ते कोर्ट ठरवील, तुला अर्ज करता येईल.

"नको साहेब," तो म्हणाला. "तिच्याखाली माणूस गेलंय. आईक तिच्यात कसा बसवू?"

बायकोचा हात धरून तो फाटकाकडे निघाला. गाडी वाटेतच उभी होती. दोघं तिला लांबून वळसा घालून गेली.